सोमवारचा नारळ

मस्कतला उन्हाळा यावा लागत नाही, तो असतोच. तरी चैत्र सरत आला की माझ्या अंगाला तो निराळा कळतो. वर्कशॉपच्या पत्र्याखाली एखादी जुनी गाडी येते, गिऱ्हाईक किल्ली फिरवतो आणि आतून नुसता आवाज येतो. टिक्. इंजिन हलत नाही. गिऱ्हाईक ओशाळल्यासारखा म्हणतो, सकाळी तर एका झटक्यात चालू झाली होती. मी मान डोलावतो. झाली असणार. असं खोटं कुणी बोलत नाही. आणि मग बॉनेट उघडायच्या आधीच माझ्या नाकात लातूरच्या दालमिलचा भुसा शिरतो, तुरीचा, कोरडा, घशाला खवखवणारा. हात क्षणभर तसेच राहतात.

लातूरच्या त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं. तसं ते तिथं बऱ्याच उन्हाळ्यांत नसतं, पण त्या वर्षी नळ म्हणजे भिंतीला लावलेली शोभेची वस्तू झाली होती. टँकरचा हॉर्न ऐकला की गल्लीतली माणसं जेवणाच्या ताटावरून उठायची. अप्पांच्या घरी पिंपांची रांग होती, प्रत्येकावर झाकण आणि झाकणावर दगड. अप्पा म्हणजे माझे मालक. तुरीच्या डाळीचा धंदा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं थोडकं. त्यांच्या मालकीणबाईंना सगळं घर अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वाच म्हणायचो. त्यांचं माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाला टेकलेलं. रागावल्या की अर्धं वाक्य कानडीत जायचं आणि माया आली की पुरतं.

मी तिथं ड्रायव्हर होतो. गाव माझं अर्धापूरजवळ, केळीच्या मुलखात. आठवीत शाळा सुटली, मग केळीचे घड ट्रकमध्ये रचले, मग ट्रकच चालवायला शिकलो आणि फिरत फिरत लातूरला अप्पांच्या दारात येऊन पडलो. स्वभाव तेव्हापासून धास्तीचा. कुठं निघायचं असलं की मी घटकाभर आधी जाऊन पांढरी मोठी गाडी चालू करून बघायचो, बंद करायचो, पुन्हा चालू करायचो. अप्पा वरून ओरडायचे, "गोविंदा, गाडीला झोपू दे की रं जरा!"

ती पांढरी गाडी कामाची. दुसरी एक होती, ती बिनकामाची. तांबडी, दोनच दारं, दोनच माणसं बसणार, जमिनीला इतकी टेकलेली की गल्लीतलं कुत्रं तिच्या टपावरून पलीकडचं बघायचं. मल्लूअण्णानं ती हैदराबादहून जुनी आणली होती. मल्लूअण्णा अप्पांचा एकुलता. इंजिनिअर झालेला, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. रोज संध्याकाळी तो तिच्यात बसून औशापर्यंत जायचा, किल्ल्याच्या अंगाला गाडी लावून चहा प्यायचा आणि परत यायचा. बस, एवढंच काम त्या गाडीला. लोक म्हणायचे, चहा लई महागात पडतोय मल्लूला.

मग त्याला रक्ताचा आजार निघाला.

दर आठवड्याला आम्ही नांदेडला जायचो. मोठे डॉक्टर तिथं बसायचे. अहमदपूर, लोहा, पुढं गोदावरीचा पूल. काचेबाहेर पांढरं ऊन, आत मागच्या सीटवर मल्लूअण्णा चादर पांघरून. घरी त्याला ताप चढायचा, दात वाजायचे. दवाखान्यात पोचलो की ताप नाही. डॉक्टर तपासायचे, आत्ता तर ठीक आहे म्हणायचे. परतीच्या वाटेवर लोह्याच्या पुढं पुन्हा अंग तापायला लागायचं. मल्लूअण्णा डोळे मिटून हसायचा. म्हणायचा, "माझं बी त्या तांबडीवाणी झालंय बघ गोविंदा. मेकॅनिकच्या दारात गेलं की शहाण्यासारखं चालू."

कारण तांबडी तेव्हापासूनच अडायला लागली होती. चार दिवस नीट चालू व्हायची, पाचव्या दिवशी किल्ली फिरवली की टिक्. थोडा वेळ थांबलं, दार आपटलं, शिवी दिली की पुन्हा चालू. बॅटरी नवी टाकून झाली. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी ती मोटर, खोलून बांधून झाली. मेकॅनिकनं हात टेकले. "जुनी गाडी हाय, नखरे करती," म्हणाला.

याचा घोर मला होता, पण खरा घोर अव्वांना होता. त्यांनी मनात एक गाठ बांधून घेतली होती. कुणी सांगितली नव्हती, त्यांची त्यांनीच बांधली होती. लेकराची गाडी चालू राहिली की लेकरू चालू राहील. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या होत्या, अगदी सहज, भाजीत मीठ किती ते सांगावं तशा. त्यानंतर सकाळी मी किल्ली फिरवायचो तेव्हा स्वयंपाकघरातलं लाटणं थांबायचं, हे माझ्या ध्यानात येऊ लागलं. इंजिन बोललं की लाटणं पुन्हा चालू. टिक् झालं तर बराच वेळ आतून काहीच ऐकू यायचं नाही.

म्हणून दर सोमवारी त्या गाडीची पूजा करायच्या. बॉनेटवर तीन बोटांनी भस्म ओढायच्या, बेलाचं पान ठेवायच्या. मग मला म्हणायच्या, "उघड रं ते झाकण." मी बॉनेट उघडायचो. चाकापुढच्या दगडावर नारळ फोडून त्यातलं पाणी त्या इंजिनावर सोडायच्या, हळूहळू, पिंडीवर सोडावं तसं. "त्येला बी तहान लागत असंल," म्हणायच्या. आधीच्या वर्षी, आजार नुकता निघाला होता तेव्हा, वर तांब्याभर साधं पाणीही ओतायच्या. त्या वर्षी पाणी कुठलं? नुसता नारळ. आणि ज्या आठवड्यात गाडी अडली त्या आठवड्यात सोमवारबरोबर गुरुवारीही.

मल्लूअण्णानं एक दिवस हट्ट धरला. मला औशाला जायचंय, माझ्या गाडीतनं. अव्वा म्हणाल्या, "आदी गाडीचा भरोसा दाखवा. वाटंत अडली तर माझं लेकरू उनात बसंल. न्हाई."

बोलणं बरोबर होतं. त्याला ऊन सोसत नव्हतं, सावलीही सोसत नव्हती. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते अप्पांच्या पाठीवरून मला कळलं होतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की आधी काय होतं, गाडी बरी होते की मल्लूअण्णाचा तो एक दिवस हातचा जातो.

अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकली. मल्लूअण्णा तिच्यावर, उशीला टेकून. मी बॉनेटमध्ये. त्यानं मोबाईलवर गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अण्णा, आठवीवाल्याला काय कळायचं ह्यातलं?" तर म्हणाला, "केळीच्या बागंत पाणी कुठून कुठं जातंय ते कळत होतं ना? पाटच हायेत हे. वाच." आणि खरंच, बोटानं एकेक रेघ धरत गेलो तर पाटच होते. बॅटरीतून निघालेला करंट कुठं वळतो, कुठं अडतो, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला वाचायला बसवलं होतं आणि चुकलो तर हसत नव्हतं. आज मस्कतमध्ये माझ्या शर्टावर ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून शिवलेलं आहे. त्याचा पहिला टाका त्या बाजेवरून घातलेला आहे.

पण दोष सापडेना, कारण आम्ही बसलो की गाडी शहाणी. दिवसच्या दिवस चालू, बंद, चालू, बंद. मल्लूअण्णाचा आवाज रोज थोडा खाली जात होता. मी रात्री झोपेतही किल्ली फिरवत असायचो.

एका मंगळवारी दुपारी ती अडली. टिक्. मी घाईनं पुन्हा किल्लीला हात घातला, तोच मल्लूअण्णा बाजेवरून ओरडला, इतक्या दिवसांत ओरडला नव्हता तसा, "हात काढ! आता बरी करू नकोस तिला! आजारी हाय तवरच तपासायची. बरी झाली की पुन्हा कुठं सापडायची?"

मी हात काढला. बॅटरी बघितली, ठणठणीत. मग त्यानं सांगितलं तसं दोन वायरींचा बल्ब घेतला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. "हितं बल्ब पेटायला न्हाई पायजे," तो म्हणाला. "पेटला, तर करंट जातोय पर परत यायची वाट बंद हाय. गेला की परत यावा लागतो त्याला. न्हाईतर काम होत न्हाई." आता किल्ली फिरवायला एक माणूस हवं होतं. अप्पा मिलवर. घरात अव्वा.

अव्वा पदर खोचून आल्या. गाडीत बसायला गेल्या तर बुड खाली खाली जातच राहिलं. "अगं बाई गं! मोटार हाय का घंगाळ? पाय कुठं घालू रं मल्लू?" मल्लूअण्णा हसता हसता खोकायला लागला. "घाल कुठंबी. फकस्त ब्रेकवर नाचू नकोस." गिअर काढलेला आहे ना ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग म्हटलं, "अव्वा, फिरवा."

टिक्.

त्यांचा चेहरा मी काचेतून बघितला. तो बघायला नको होता. पण माझ्या हातातला बल्ब पेटला होता. जिथं पेटायचं कारण नव्हतं तिथं, भर दुपारी, पिवळाधमक.

"पेटला!" मी ओरडलो.

"मग जाड वायर लाव. मायनसवरून थेट इंजिनाला. अव्वा, आता फिरव पुन्हा."

इंजिन असं काही गरजलं की अव्वा किंचाळून दोन्ही हात कानांवर ठेवून बसल्या. मग त्यांना कळलं. त्या गाडीतून कशा उठल्या ते त्यांनाही ठाऊक नसेल. मल्लूअण्णाच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि आत पळाल्या.

आम्ही परतीच्या वाटेवर गेलो. बॅटरीच्या मायनसची जाड पट्टी जिथं गाडीच्या अंगाला बोल्टनं आवळलेली असते तिथं. बोल्ट खाली, आडोशाला होता. त्याआधी मला मुंग्या दिसल्या. पुढच्या डाव्या चाकावरून चढणारी बारीक तांबडी रांग. ती रांग मी कित्येक वेळा बघितली होती. पूजेचा गूळ सांडला असेल म्हणून झटकून टाकली होती. आता तिच्या मागं मागं बोट नेलं तर मुंग्या थेट त्या बोल्टवर. बोल्टभोवती हिरवट पांढरा थर चढलेला. मी पेल्यात गरम पाणी आणून थोडं सोडलं, तशी वाफेबरोबर वास आला. आंबूस, गोड, खवट. सणानंतर देवघरात विसरलेल्या खोबऱ्याचा.

मी मल्लूअण्णाकडं बघितलं. वारा त्याच्याच दिशेनं होता. त्यालाही आला होता.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "अव्वाला सांगू नको."

तेवढ्यात अव्वा आल्या. हातात नारळ. आनंदानं मंगळवारीसुद्धा नारळ. दगडावर तो फोडला आणि दोन्ही करवंट्या ओंजळीत धरून बॉनेटजवळ आल्या. मी मल्लूअण्णाकडं बघितलं. तो म्हणाला, "घाल अव्वा. घाल."

त्यांनी पाणी सोडलं. मी पट्कन हात आडवा धरला, बोल्टच्या वर. पाणी माझ्या तळहातावरून, बोटांमधून ओघळलं. गार होतं.

"हात का घालायलास मदी?" अव्वा म्हणाल्या.

"इंजिन तापलंय अव्वा. अंगावर उडंल तुमच्या."

"गुणाचं हाय पोरगं," असं त्या मल्लूअण्णाला म्हणाल्या. मग विचारलं, "काय निघालं रं आत?"

"गंज," मल्लूअण्णा म्हणाला. "जुनी गाडी हाय. गंज धरती."

त्या संध्याकाळी मी बोल्ट खरवडून तांब्यासारखा लख्ख केला, पट्टी नवी घातली, ग्रीस भरलं. मल्लूअण्णा म्हणाला, पूजा थांबवायची नाही, पाणी वळवायचं. मग सायकलची जुनी ट्यूब कापून मी बोल्टवर एक छप्पर बसवलं, तळहाताएवढं, उतरतं. पुढच्या सोमवारी अव्वांनी नारळाचं पाणी सोडलं ते त्या रबरावरून घरंगळून खाली अंगणात गेलं. मुंग्यांनी रस्ता बदलला. गाडी रोज चालू झाली. पहिल्या झटक्याला. आत लाटणं थांबेनासं झालं.

आणि मग आम्ही औशाला गेलो.

चालवायची त्याला होती. पण क्लच दाबला जाईना, पाय थरथरायला लागला. तो सरकून बाजूच्या सीटवर गेला. मी चालवली. उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, कुठं कुठं आंब्याखाली माणसं. त्यानं काच खाली केली, तोंडावर गरम वारा घेतला. किल्ल्याच्या अंगाला नेहमीच्या टपरीशी मी गाडी उभी केली, पण इंजिन बंद करेना. तो बघत राहिला.

"बंद कर."

"ऱ्हाऊ द्या की अण्णा. चहा काय, दोन घोटाचा तर हाय."

"बंद कर गोविंदा. भरोसा न्हाई व्हय तुझ्या कामावर? का माझ्या?"

मी बंद केली. टपरीवाल्यानं त्याला ओळखलं आणि ओळखलंही नाही. चहा देताना त्याचा हात थांबला. "लई दिसांनी मल्लूशेठ. बारीक झालाव." मल्लूअण्णा म्हणाला, "तुझा चहा सुटला, म्हनून." अर्धा कप प्यायला. तेवढाच. मग किल्ल्याच्या बुरुजाकडं बघत बसला. ऊन भिंतीवरून वर वर सरकत होतं. मला वाटत होतं आता निघावं, आणि वाटत होतं निघूच नये.

निघताना त्यानं माझा हात किल्लीवरून बाजूला केला आणि स्वतः हात लांब करून किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. त्यानं मान मागं टेकून डोळे मिटले आणि ऐकत राहिला. गाडी जागेवरच थरथरत होती, तोही. असा आवाज ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो हे मी तेव्हा बघितलं. त्यानंतर पुष्कळ गाड्या चालू करून दिल्या. तसा चेहरा पुन्हा दिसला नाही.

मृगाच्या थोडं आधी तो गेला. पहाटे, घरीच.

माणसं यायला लागली. निलंग्याचे, उदगीरचे, मिलवरचे हमाल, गल्ली सगळी. अंगणात उभं राहायला जागा होईना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ती तांबडी बाहेर काढा. अप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी आत बसलो. किल्ली धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गाडीसाठी उलटं मागितलं. आज अड. आज तरी टिक् कर. आम्ही ढकलत नेऊ.

चालू झाली. पहिल्याच झटक्याला, अंगण दणाणेल अशी.

ओसरीवर बायकांच्या घोळक्यात अव्वा बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. त्या गाडीकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. रडत नव्हत्या. एखाद्यानं दिलेला शब्द तोंडावर मोडावा आणि आपण त्याच्याकडं नुसतं बघत राहावं, तसं. मी गाडी गल्लीच्या टोकाला नेऊन बंद केली आणि आतच बसून राहिलो.

त्यांच्यात माती देताना माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, अंगाला भस्म, हातात लिंग. मी पहिल्यांदा बघत होतो. मातीत उतरवताना त्याची मान जराशी मागं गेली तेव्हा मला औशाची ती सीट आठवली. त्यापुढचं मला नीट आठवत नाही.

अव्वांनी नंतर त्या गाडीची पूजा केली नाही. काही दिवस मी सोमवारी सवयीनं बॉनेट उघडून ठेवायचो. दुपारी लावून टाकायचो. खरं काय ते त्यांना सांगावं असं कितीदा तरी मनात आलं. पण काय सांगणार? की तुमच्या नारळानंच ती अडत होती? की मग ती चालू झाली ती नारळानं नाही, सायकलच्या ट्यूबनं? यातलं कुठलं त्यांना कमी दुखलं असतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मल्लूअण्णा सांगू नको म्हणाला होता. एवढा एक शब्द त्याचा माझ्याकडं आहे, तो मी पाळतो.

पुढं अप्पांनीच ओळखीच्या माणसाला सांगून मला इकडं पाठवलं. विमानतळावर सोडायला आले होते. माझ्या हातात डाळीची पिशवी दिली, म्हणाले, "पोचलास की फोन कर. न्हाईतर ही जेवायची न्हाई." ही म्हणजे अव्वा. आजही मी दर आठवड्याला फोन करतो. अव्वा विचारतात, जेवलास का, ऊन लई हाय का तिकडं. तांबडीचं नाव काढत नाहीत.

मागच्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा अर्धापूरच्या आधी लातूरला उतरलो. गाडी लिंबाखालीच होती, वर ताडपत्री. अप्पा तिला विकत नाहीत. आठवड्यातून एकदा स्वतः चालू करतात, जरा वेळ ऐकतात, बंद करतात. "एकदा बी अडली न्हाई बघ," म्हणाले. "लई चांगलं काम केलंस गोविंदा." मी मान खाली घातली.

ते आत गेल्यावर मी बॉनेट उघडलं. मुंग्या नव्हत्या. बोल्ट लख्ख होता. त्याच्यावरच्या रबराला मी हात लावला. कडक झालं होतं, कडेला चिरा गेल्या होत्या, आणि त्यावर दालमिलचा बारीक भुसा साचला होता. कोरडा.